फॉलोअर हवेत, नजरा नकोत

ताई, नमस्कार.

मी नोकरी करते आणि फावल्या वेळात पक्ष्यांची जलरंगातली चित्रं काढते. चार वर्षांपूर्वी इन्स्टाग्रामवर अकाउंट उघडलं तेव्हा ओळखीची तीनेकशे माणसं होती. गेल्या वर्षी खंड्याच्या चित्राचा एक रील खूप फिरला आणि आता अकरा हजार फॉलोअर आहेत. चित्रांच्या ऑर्डरही येतात. पण गेल्या काही महिन्यांत तीन गोष्टी घडल्या. आजारपणाच्या रजेवर असताना टाकलेल्या चित्राच्या एका स्टोरीवरून साहेबांनी सगळ्यांसमोर टोमणा मारला. दुसरी गोष्ट नणंदेची. 'क्लोज फ्रेंड्स'च्या, म्हणजे काही स्टोरी फक्त निवडक माणसांना दिसतात त्या यादीत मी जाऊबाईंना घेतलं पण नणंदेला नाही, कारण ती प्रत्येक गोष्ट सासूबाईंच्या कानावर घालते. तिला ते कळलं आणि तेव्हापासून ती बोलत नाही. आणि मागच्या आठवड्यात एका अनोळखी माणसाचा मेसेज आला, 'आज तळ्याकाठी नेहमीच्या बाकावर दिसला नाहीत.' त्या तळ्याचं नाव मी कधीच कुठे लिहिलेलं नाही.

नवरा म्हणतो, अकाउंट बंद कर. मैत्रीण म्हणते, प्रायव्हेट कर. माझी चित्रं लोकांनी बघावीत असं मला वाटतं, फॉलोअर वाढले की आनंद होतो, आणि तरीही माझ्यावर कुणाची नजर नको वाटते. हे दुटप्पी आहे का? मी नक्की काय करू?

— तुमची एक वाचक

नमस्कार.

तुमच्या तीन प्रसंगांतला तिसरा आधी घेते. पहिले दोन मनस्तापाचे आहेत. हा सुरक्षेचा आहे आणि त्यात दिवस घालवणं बरं नाही.

त्या माणसाला उत्तर देऊ नका. 'कोण तुम्ही', 'तुम्हाला कसं कळलं' एवढंही विचारू नका. रागाचं असो की घाबरलेलं, असल्या माणसाला उत्तर हवंच असतं, आणि एकदा मिळालं की तो पुन्हा प्रयत्न करतो. आधी मेसेजचा स्क्रीनशॉट घ्या. त्यात युजरनेम, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. त्याच्या प्रोफाइलची लिंक वेगळी जपून ठेवा. मग अ‍ॅपमध्ये रिपोर्ट करा आणि शेवटी ब्लॉक करा. हा क्रम मुद्दाम सांगते आहे, कारण पुष्कळ जणी घाबरून आधी सगळं डिलीट करतात आणि पुढे दाखवायला हातात काही उरत नाही. ब्लॉक करताना इन्स्टाग्राम विचारतं, या व्यक्तीची इतर अकाउंट आणि पुढे उघडली जाणारी नवी अकाउंटही ब्लॉक करायची का. तोच पर्याय निवडा.

काही आठवडे त्या बाकावर जाऊ नका. जायचंच झालं तर वेळ बदला आणि सोबत कुणीतरी असू द्या. चूक त्याची आणि जागा तुम्ही सोडायची, हे तुम्हाला अन्यायाचं वाटेल. अन्यायाचंच आहे. तरीही तो कोण आहे, किती जवळ राहतो हे कळत नाही तोवर मी दुसरं काही सुचवणार नाही. दुसऱ्या अकाउंटवरून पुन्हा मेसेज आला, घराचा किंवा ऑफिसचा उल्लेख आला, तो माणूस प्रत्यक्ष समोर आला, यातलं काहीही झालं तर थेट पोलिसांकडे जा. 'नुसता मेसेजच तर आहे' असं स्वतःला समजावत बसू नका. तुमचा नेहमीचा बाक त्याला ठाऊक आहे, म्हणजे तो कदाचित एकदाच तिथे आलेला नाही.

तळ्याचं नाव तुम्ही लिहिलं नाही, हे अगदी खरं असेल. नावाची गरजच पडत नाही. एका फोटोत पाण्यापलीकडची इमारत दिसते, दुसऱ्यात पाटीचा अर्धा तुकडा. एका कॅप्शनमध्ये 'सातचं कोवळं ऊन' असतं, दुसऱ्यात 'रविवार सोडून रोज'. दोन वर्षांपूर्वी मैत्रिणीने तुम्हाला टॅग करून टाकलेल्या फोटोत त्या जागेचं लोकेशन असतं, आणि ते तुम्ही विसरूनही गेलेल्या असता. यातला एकेक तुकडा निरुपद्रवी आहे. ते एकत्र लावायला एक रिकामी संध्याकाळ पुरते.

२०१८ च्या जानेवारीत हेच फार मोठ्या प्रमाणावर जगाला दिसलं. स्ट्राव्हा हे धावणाऱ्यांचं आणि सायकल चालवणाऱ्यांचं अ‍ॅप. त्यांनी सगळ्या वापरकर्त्यांच्या वाटांचा एक जागतिक नकाशा प्रसिद्ध केला होता. त्यात कुणाचं नाव नव्हतं. पण जिथे दुसरं कुणी ते अ‍ॅप वापरत नव्हतं अशा ओसाड मुलखात सैनिकी तळांच्या आतले रस्ते उजळून दिसले, कारण सैनिक रोज त्याच वाटेने धावत होते. गुप्त काय आहे हे कुणीही सांगितलं नव्हतं, रोजच्या सवयीने ते सांगून टाकलं. तुमच्या बाबतीतही नजर ठेवायची ती तळ्याच्या नावावर नव्हे, सवयीवर. म्हणून आजपासून एक नियम करा: जिथे आहात तिथून काहीही टाकायचं नाही. निघून आल्यावर टाका, शक्यतो दुसऱ्या दिवशी, आणि दर वेळी वेगळ्या वेळी. खंड्या काल दिसला की आज, याने तुमच्या चाहत्यांना काही फरक पडत नाही.

मग मागच्या पोस्ट उघडा. लोकेशन लावलेलं असेल तिथे पोस्ट एडिट करून ते काढता येतं. ज्या फोटोंत जागा ओळखू येते ते आर्काइव्हमध्ये टाका, म्हणजे पोस्ट इतरांना दिसत नाही पण तिच्यावरचे लाइक आणि कमेंट शाबूत राहतात. टॅगसाठीचं सेटिंग असं करा, की तुमच्या परवानगीशिवाय कुणाचाही टॅग प्रोफाइलवर येणार नाही. आणि एक गोष्ट खास तुमच्या कामातली. फोनमध्ये कॅमेऱ्याचं लोकेशन सुरू असेल तर प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. मोठी संकेतस्थळं सार्वजनिक पोस्टमधून ही नोंद सहसा काढून टाकतात. पण गिऱ्हाइकाला तुम्ही चित्राचा फोटो ई-मेलने मूळ फाइल म्हणून पाठवलात तर ती नोंद तशीच जाते, आणि तुमची चित्रं तर घरीच टिपलेली असतात. कॅमेऱ्याचं लोकेशन आजच बंद करून टाका.

आता तुमचा प्रश्न, हे दुटप्पी आहे का. नाही. मी हे तुमचं मन राखायला म्हणत नाही. लोकांसमोर काही मांडणं आणि लोकांच्या पाळतीखाली जगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला हो म्हटलं म्हणून दुसरीला संमती दिली असं होत नाही.

५ सप्टेंबर २००६ ला फेसबुकने 'न्यूज फीड' सुरू केलं. त्याआधी कुणाचं काय चाललंय हे बघायला त्याच्या प्रोफाइलवर जावं लागे. त्या दिवशी ते सगळं एकत्र होऊन प्रत्येकाच्या समोर आपोआप वाहू लागलं. नवं काहीही उघड झालं नव्हतं, जे होतं ते आधीही दिसतच होतं. तरीही काही दिवसांत काही लाख वापरकर्त्यांनी निषेध नोंदवला, आणि मार्क झुकेरबर्ग यांना जाहीर माफी मागून नवी सेटिंग द्यावी लागली. ही माणसं दुटप्पी नव्हती. माहिती तीच असली तरी ती कुठून कुठे आणि कशी जाते याला महत्त्व असतं, हे त्यांना आतून कळलं होतं. हेलन निसेनबाम या अभ्यासिकेने २००४ मध्ये हाच विचार नीट मांडला. डॉक्टरला सांगितलेली गोष्ट गुपित नसते, पण ती मालकाच्या टेबलावर पोचली तर विश्वासघात होतो. खासगीपणा म्हणजे लपवणं नव्हे. ज्या माणसांसाठी आणि ज्या कारणासाठी आपण काही सांगितलं, तेवढ्यातच ते राहणं म्हणजे खासगीपणा. तुमचा खंड्या जगासाठी होता. तुमची सकाळ जगासाठी नव्हती.

म्हणूनच मैत्रिणीचा सल्ला मला अपुरा वाटतो. प्रायव्हेट केल्यावर नेमकं काय होतं ते बघा. तुमच्या पोस्ट, स्टोरी आणि फॉलोअरची यादी नव्या अनोळखी माणसाला दिसत नाही. प्रोफाइलचा फोटो, नाव, बायो आणि आकडे मात्र सगळ्यांना दिसत राहतात. दुसऱ्याच्या सार्वजनिक पोस्टवर तुम्ही केलेली कमेंटही दिसते. आणि मुख्य म्हणजे आत्ता जे अकरा हजार आत आहेत ते आतच राहतात. तळ्याचा मेसेज पाठवणारा त्यांच्यातलाच असेल तर त्याला दार उघडंच आहे. साहेब आत आहेत. नणंद आत आहे. तुमच्या तीन त्रासांपैकी दोन ओळखीच्या माणसांकडून आले आहेत आणि प्रायव्हेटचं बटण अनोळखी माणसांसाठी असतं. शिवाय आत घेतलेल्या कुणीही तुमच्या स्टोरीचा स्क्रीनशॉट घेतला तर इन्स्टाग्राम तुम्हाला कळवत नाही. म्हणजे ऑर्डर बंद होतील आणि त्रास चालूच राहील.

माझा सल्ला आहे की दोन अकाउंट करा.

आत्ताचं अकाउंट चित्रांचं राहू द्या, सार्वजनिक. त्यावर फक्त काम: चित्र, रंग, कागद, हात, पक्ष्याबद्दल चार ओळी. घर नाही, नवरा नाही, ऑफिस नाही, 'आज बरं वाटत नाहीये' नाही. दुसरं अकाउंट नव्याने उघडा, पहिल्या क्षणापासून प्रायव्हेट, आणि त्यात ज्यांच्याशी तुम्ही फोनवर मोकळेपणी बोलता तेवढीच माणसं घ्या. तीस असतील, चाळीस असतील.

याची किंमत आहे आणि ती लपवून मी तुम्हाला सल्ला देणार नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये इन्स्टाग्रामवरच्या दहा लाखांहून अधिक फोटोंचा अभ्यास झाला होता. त्यात आढळलं की माणसाचा चेहरा असलेल्या फोटोंना लाइक मिळण्याची शक्यता ३८ टक्क्यांनी आणि कमेंट येण्याची ३२ टक्क्यांनी जास्त असते. तुम्हालाही हे अनुभवाने कळलं असणार. नुसत्या चित्रापेक्षा चित्रासोबत तुम्ही हसत बसलेल्या फोटोला दाद जास्त येते आणि मग पुढचा फोटो थोडा आणखी जवळून काढावासा वाटतो. असं करत करत माणूस स्वतःचं घर दाखवू लागतो, आणि ते कधी ठरवून झालं असं त्यालाही सांगता येत नाही. तुम्ही चेहरा पूर्ण काढून टाका असं मी म्हणत नाही. काम करताना, कोऱ्या भिंतीसमोर, वर्षातून दोन-चार वेळा दिसलात तरी गिऱ्हाइकाला खरं माणूस आहे एवढा भरवसा पुरतो. लाइक थोडे कमी होतील. ते होऊ द्या.

दुसरं अकाउंट उघडताना मात्र एक चूक बहुतेक सगळे करतात. ते त्याच फोन नंबरवर उघडतात आणि कॉन्टॅक्ट्स वाचायची परवानगी देतात. त्या नंबराच्या धाग्यावरूनच अ‍ॅप सुचवू लागतं, 'या व्यक्तीला तुम्ही ओळखत असाल', आणि दोन दिवसांत तुमचं गुप्त अकाउंट तुमच्याच साहेबांच्या पडद्यावर येतं. तेव्हा नंबर न देता वेगळ्या ई-मेलवर उघडा, कॉन्टॅक्ट्सची परवानगी नाकारा, आणि 'माझं अकाउंट इतरांना सुचवा' हा पर्याय सापडला की बंद करा. फोन नंबरावरून माणूस शोधायची ही सोय किती महागात पडते हे २०२१ मध्ये दिसलं. फेसबुकच्या ५३ कोटींहून अधिक लोकांची माहिती, त्यात बहुतेकांचे फोन नंबर, इंटरनेटवर फुकट पसरली. ती कुणी कुलूप फोडून चोरली नव्हती. कॉन्टॅक्टवरून ओळखीची माणसं शोधून देणाऱ्या सोयीचाच कुणीतरी गैरवापर करून ती गोळा केली होती. आयर्लंडच्या माहिती-संरक्षण आयोगाने त्यासाठी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीला २६.५ कोटी युरोंचा दंड केला. दंड झाला, पण गेलेले नंबर परत आले नाहीत.

हे सगळं इन्स्टाग्रामचं झालं. दुसरीकडे असाल तर तिथले नियम वेगळे असतात आणि ते मधूनमधून बदलतात. फेसबुकवर तुम्ही एखाद्याची फ्रेंड रिक्वेस्ट स्वीकारली नाही तरी तो तुमचा फॉलोअर होऊन सार्वजनिक पोस्ट वाचू शकतो. एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, २०२४ च्या नोव्हेंबरपासून ब्लॉक केलेल्या माणसालाही तुमच्या सार्वजनिक पोस्ट दिसतात, फक्त त्याला उत्तर देता येत नाही. बिझनेस अकाउंट केलंत तर इन्स्टाग्रामवर ते प्रायव्हेट करताच येत नाही, आधी साध्या अकाउंटवर परतावं लागतं.

आता साहेब. त्या दिवशी स्टोरी टाकताना तुमच्या डोळ्यांसमोर कोण होतं? बहुधा तुमच्या चित्रांवर रोज काहीबाही लिहिणाऱ्या आठ-दहा जणी. साहेबांनी कधी एक लाइकही दिलं नसेल, म्हणून ते आहेत हेच तुमच्या ध्यानात नव्हतं. हा तुमचा एकटीचा विसराळूपणा नाही. २०१३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आणि फेसबुकच्या संशोधकांनी दोन लाखांहून अधिक लोकांच्या पोस्टच्या नोंदी तपासल्या आणि काही जणांना विचारलं, तुमची पोस्ट किती जणांनी पाहिली असेल? लोकांनी सांगितलेला आकडा खऱ्या आकड्याच्या साधारण २७ टक्के होता. म्हणजे चार जण बघत असतील तर आपल्याला एकच बघतोय असं वाटतं. जो बोलतो तो लक्षात राहतो. गप्प राहून बघणारे मोजण्यात येत नाहीत, आणि वरिष्ठ, नातेवाईक, शेजारी हे बहुतेक गप्पच बघतात.

आजारपणात चित्र काढण्यात काहीही गैर नाही. ताप उतरल्यावर माणूस अंथरुणात बसून रंगवू शकतो. पण जे मैत्रिणीला 'बरं झालं, जरा मन रमलं' असं वाटतं, तेच साहेबांना 'रजा घेऊन मजा' असं दिसतं. एकच वाक्य दोन वेगळ्या खोल्यांत बोललं असतंत तर काही बिघडलं नसतं. इथे खोली एकच आहे आणि सगळे तिच्यातच बसलेत. साहेबांशी वाद घालू नका. टोमण्याला उशिरा दिलेलं उत्तर सारवासारवीसारखं वाटतं. त्यांनी पुन्हा विषय काढला तर एकदाच, शांतपणे सांगा, 'त्या दिवशी मी आजारी होते, रजा रीतसर घेतली होती, आणि घरी बसून चित्र काढलं.' मग गप्प व्हा. ऑफिसातल्या माणसांना चित्रांच्या अकाउंटवर राहू द्या. तिथे आता फक्त पक्षी असतील.

फॉलोअरच्या आकड्याबद्दल थोडं बोलायला हवं, कारण तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत की तो वाढला की आनंद होतो. व्हावाच. पण त्या आकड्यावरून दोन उलटसुलट गैरसमज होतात. पहिला असा की आकडा लहान असला की आपण सुरक्षित. २०१३ च्या डिसेंबरमध्ये एका बाईंनी विमानात चढण्यापूर्वी ट्विटरवर एक वाईट विनोद लिहिला. त्यांचे फॉलोअर होते जेमतेम १७०. विमान उतरेपर्यंत जगभर त्यांची नाचक्की झाली होती आणि पाठोपाठ नोकरीही गेली. विनोद वाईटच होता. पण तो १७० माणसांपुरता राहील हा त्यांचा अंदाज त्याहून वाईट ठरला. सार्वजनिक पोस्टला फॉलोअरची भिंत नसते. तुमचा रील ज्यांनी पाहिला त्यांच्यातले बहुतेक जण तेव्हा तुमचे फॉलोअर नव्हतेच.

दुसरा गैरसमज असा की मोठा आकडा म्हणजे मोठी जबाबदारी, आपण या सगळ्यांचं काहीतरी देणं लागतो. तुम्ही काही देणं लागत नाही. कुणीतरी एक बटण दाबलं, यातून नातं तयार होत नाही. ज्याच्यामुळे अस्वस्थ वाटतं त्याला 'रिमूव्ह' करा. त्याला कळवलं जात नाही. अकाउंट सार्वजनिक असेल तर तो पुन्हा येऊ शकतो, आला तर ब्लॉक करा. कारण देऊ नका, माफी मागू नका. ऑर्डर देणारी माणसं अकरा हजार नाहीत. मागच्या वर्षभरात ज्यांनी चित्र घेतलं त्यांची यादी काढा. ती एका पानावर मावेल, आणि ते पान जपायचं आहे. 'तुमचं प्रोफाइल कोण बघतं ते सांगतो' असं म्हणणारी अ‍ॅप येतील, भीतीपोटी ती घ्यावीशी वाटतील. घेऊ नका. इन्स्टाग्राम ही माहिती कुणालाच देत नाही. ती अ‍ॅप तुमचा पासवर्ड मिळवण्यासाठी असतात.

राहिली नणंद. तिच्याबद्दल तुम्ही दोन-तीनच वाक्यं लिहिलीत, पण मला वाटतं तुम्हाला सगळ्यात जास्त तेच टोचतंय.

तिला यादीत न घेण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार होता. एका घरातल्या दोघींपैकी एकीला घेऊन दुसरीला वगळणं मात्र टिकणारं नव्हतं. ती यादी अ‍ॅप कुणाला दाखवत नाही हे खरं, पण आतल्या माणसाला स्टोरीभोवती हिरवं कडं दिसतं, आणि घरात माणसं एकमेकींशी बोलतात. जाऊबाईंनी मुद्दाम सांगितलं असं धरू नका. 'काल तिने काय छान टाकलं होतं' एवढं सहज म्हटलं असेल आणि तिथेच कळलं असेल. घरच्या माणसांसाठी मी तरी एकच पद्धत सुचवते: सगळे आत किंवा सगळे बाहेर. नव्या प्रायव्हेट अकाउंटवर सासरचं कुणीच घेऊ नका, जाऊबाईंनाही नाही, आणि त्यांना तसं आधी सांगा, म्हणजे त्यांचा गैरसमज होणार नाही. मोकळं बोलायचं असेल तर जाऊबाईंना फोन करा.

नणंदेला मेसेज करू नका. भेटा, नाहीतर फोन करा. 'चुकून राहून गेलं' असं खोटं सांगू नका, तिला ते कळेल आणि मग खरंही पटणार नाही. तिला असं काहीसं सांगा: 'ताई, मी तुम्हाला त्या यादीत घेतलं नाही आणि ते तुम्हाला लागलं, याचं मला वाईट वाटतंय. खरं सांगायचं तर मी तिथे टाकलेल्या गोष्टी आईंपर्यंत जातात आणि मग मला उत्तरं द्यावी लागतात, त्याची मला धास्ती वाटते. तुमच्याबद्दल राग नाही.' ती चिडेल, कदाचित रडेल, कदाचित म्हणेल की मी कधीच सांगत नाही. म्हणू द्या. कोण किती वेळा काय बोललं याचा हिशेब मांडू नका. अपराधी वाटतंय म्हणून तिला यादीत घेऊन मग तिथे काही न टाकणं, असंही करू नका. त्याने तुमची मोकळी जागा जाईल आणि दोघींतला अविश्वास तसाच राहील.

हाच नियम उलट दिशेनेही पाळावा लागेल. भाचरांचे फोटो, जाऊबाईंच्या घरचे प्रसंग, मैत्रिणीचं आजारपण हे त्यांना विचारल्याशिवाय तुमच्या अकाउंटवर जाऊ नये, दुसऱ्या अकाउंटवरही नाही. केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीचं प्रकरण २०१८ मध्ये उघड झालं तेव्हा कळलं, की एक प्रश्नावलीचं अ‍ॅप साधारण २ लाख ७० हजार लोकांनी वापरलं होतं आणि त्यांच्या मित्रयादीतून ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती बाहेर गेली असावी, असं खुद्द फेसबुकने सांगितलं. या बाकीच्या लोकांनी काहीही केलं नव्हतं. त्यांच्या ओळखीचं कुणीतरी 'हो' म्हणालं होतं. तुमच्या तळ्याचं लोकेशनही मैत्रिणीच्याच पोस्टवर सापडलं तर तिच्यावर रागावू नका. तिला ते काढायला सांगा आणि यापुढे टॅग करण्याआधी विचारायला सांगा.

नवरा घाबरला आहे आणि त्याची भीती रास्त आहे. पण अकाउंट कायमचं बंद करणं हा आत्ताचा निर्णय नको. इन्स्टाग्रामवर ते तात्पुरतं बंद करता येतं. तुम्ही पुन्हा लॉग-इन करेपर्यंत प्रोफाइल, फोटो, कमेंट काहीच कुणाला दिसत नाही, आणि परत आलात की सगळं जागेवर असतं. झाडलोट पूर्ण होईपर्यंत आठवडाभर असं ठेवलंत तर त्यालाही जरा शांत वाटेल. हाती घेतलेल्या ऑर्डरवाल्यांना तेवढं आधी कळवा.

बंद करण्यापूर्वी मात्र नवऱ्याला एक काम द्या. तुमच्या अकाउंटशी काही संबंध नसलेल्या कुणाच्या तरी फोनवरून त्याने तुमचं प्रोफाइल उघडावं आणि तासभर चाळावं. तुम्हाला अजिबात न ओळखणाऱ्या माणसाला तिथून काय काय कळू शकतं, ते त्याने लिहून काढावं. घर कोणत्या मजल्यावर आहे, ऑफिस कुठे, कामावर जायची वेळ कोणती, नातेवाईक कोण, तळं कोणतं. फॉलोअरची यादी आणि तुम्हाला टॅग केलेल्या पोस्टही त्याने बघाव्यात. मग दोघांनी बसून त्या यादीतली एकेक गोष्ट काढून टाका. काय काय सापडलं ते मला कळवा, आणि त्या माणसाचा पुन्हा मेसेज आला तर माझ्या उत्तराची वाट न बघता पोलिसांत जा.